परावटू ग्रंथी : जन्मापूर्वीचा प्रवास आणि त्याचे वैद्यकीय महत्त्व

संस्थेच्या कार्याचा आढावा सादर करीत असतानाच एखाद्या वैद्यकीय विषयाची सुबोध ओळख वाचकांना करून द्यावी, या हेतूने आम्ही येथे पॅराथायरॉइड अर्थात परावटू ग्रंथींविषयी लिहीत आहोत. या ग्रंथींचे नाव फारसे कोणाच्या परिचयाचे नसते. परंतु वारंवार होणारा मुतखडा, किरकोळ धक्क्याने मोडणारी हाडे किंवा थायरॉइडच्या शस्त्रक्रियेनंतर ओठांना व बोटांना येणाऱ्या मुंग्या यांचे मूळ कित्येकदा या ग्रंथींत असते.

गळ्यात थायरॉइडच्या मागील बाजूस बहुधा चार परावटू ग्रंथी असतात; दोन वर आणि दोन खाली. प्रत्येक ग्रंथी मसुरीच्या दाण्याएवढी असून तिचे वजन साधारणतः ३० ते ५० मिलिग्रॅम भरते. स्वीडनमधील वैद्यकीय विद्यार्थी ईव्हार सँडस्ट्रॉम यांनी १८८० मध्ये मानवी शरीरातील या ग्रंथींचे वर्णन प्रसिद्ध केले. रक्तातील कॅल्शियमची पातळी राखणे हे त्यांचे मुख्य कार्य. ग्रंथी अतिक्रियाशील झाल्यास हाडांतील कॅल्शियम रक्तात उतरते. हाडे ठिसूळ होतात व मूत्रपिंडात खडे होऊ शकतात.

या ग्रंथींची जडणघडण गर्भावस्थेच्या अगदी आरंभी होते. पाचव्या-सहाव्या आठवड्यात भ्रूणाच्या घशाच्या दोन्ही बाजूंना लहान कप्पे तयार होतात. चौथ्या कप्प्यातून वरची परावटू ग्रंथी उगम पावते, तर त्याच्या वर असलेल्या तिसऱ्या कप्प्यातून खालची परावटू ग्रंथी व थायमस ग्रंथी निर्माण होतात. थायमस छातीच्या दिशेने उतरू लागते आणि आपल्या जोडीदार परावटू ग्रंथीला सोबत नेते. अशा रीतीने मुळात वर असलेली ग्रंथी दुसरीला ओलांडून खाली येते.

सामान्यतः ती थायरॉइडच्या खालच्या टोकापाशी थांबते. क्वचित ती वाटेतच, जबड्याच्या कोनाजवळ राहते. तर कधी थायमसबरोबर थेट छातीत पोहोचते. वरच्या ग्रंथीचा प्रवास अल्प असल्याने तिची जागा बरीचशी निश्चित असते.

हे ज्ञान किती मोलाचे आहे, हे चार्ल्स मार्टेल या अमेरिकन जहाज-कप्तानाच्या उदाहरणावरून ध्यानी येईल. हाडांच्या विकारामुळे त्यांची उंची सुमारे सात इंचांनी घटली होती. १९२६ पासून त्यांच्यावर सहा शस्त्रक्रिया झाल्या. त्या सर्व निष्फळ ठरल्या. अखेर १९३२ मध्ये सातव्या शस्त्रक्रियेत परावटू ग्रंथीची गाठ छातीत सापडली. दुर्दैवाने तोवर फार उशीर झाला होता. मुतखड्यावरील उपचारानंतर काही आठवड्यांतच त्यांचे निधन झाले.

आज सोनोग्राफी, सेस्टामिबी स्कॅन व सीटी स्कॅन यांच्या साहाय्याने अशा गाठीचा शोध शस्त्रक्रियेपूर्वीच घेता येतो. तरीही तपासणीत गाठ दिसली नाही, तर ती कोठे शोधावी हे शल्यचिकित्सकाला भ्रूणावस्थेतील या वाटेवरूनच ठरवावे लागते. थायरॉइड काढतानाही या ग्रंथी ओळखून जपाव्या लागतात. अन्यथा कॅल्शियम घटून स्नायूंना पेटके येतात. काही बालकांत या कप्प्यांची वाढ जन्मतःच अपुरी राहते. डायजॉर्ज सिंड्रोम या विकारात कॅल्शियमची कमतरता, दुबळी रोगप्रतिकारशक्ती आणि हृदयदोष एकत्र आढळू शकतात. म्हणूनच नवजात बालकाला झटके आल्यास कॅल्शियम तपासणे अत्यावश्यक ठरते.

रुग्णांच्या आप्तांना आमची विनंती आहे की, मुतखडा पुनःपुन्हा होत असल्यास किंवा हाडे सहज मोडत असल्यास रक्तातील कॅल्शियमच्या तपासणीविषयी डॉक्टरांना अवश्य विचारावे. थायरॉइडच्या शस्त्रक्रियेनंतर मुंग्या आल्यास ते त्वरित कळवावे. तपासणी साधी आहे, परंतु ती वेळेवर झाली तर रुग्णाची अनेक वर्षांची यातना टळू शकते. दात्यांच्या साहाय्यातून उभ्या राहणाऱ्या प्रयोगशाळेचे आणि तपासणी यंत्रांचे खरे मोल आम्हांस अशाच प्रसंगी जाणवते.