घातक द्रव्यांचे वर्गीकरण व ती शरीरात जाण्याचे मार्ग

खेड्यातील घर, शेत व शाळा यांत वापरली जाणारी द्रव्ये एकदा मोजून पाहिली, तर त्यांपैकी किती घातक आहेत हे ध्यानात येते. पिकावर फवारायची औषधे, उंदीर मारण्याचे विष, धान्य टिकविण्याच्या गोळ्या, रॉकेल, फरशी धुण्याचे ॲसिड, पिण्याच्या पाण्यासाठी आणलेली टीसीएल पावडर, पानाला लावायचा चुना अशी ही यादी बरीच वाढविता येईल. यांतील प्रत्येक वस्तू उपयोगाची आहे आणि म्हणूनच ती घरात आली आहे. ती घराबाहेर घालवा असे सांगून भागत नाही. तिच्याशी कसे वागावे, हे समजून घेणे व मुलांना समजावून देणे हे प्राथमिक शिक्षकाच्या कामात येते.

कोणत्याही घातक द्रव्याविषयी दोन प्रश्न विचारावे लागतात. त्या द्रव्याचा स्वभाव कोणता, हा पहिला प्रश्न. आणि ते माणसापर्यंत कोणत्या मार्गाने पोहोचते, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर कारखान्यात व प्रयोगशाळेत ठरते आणि ते डब्यावर छापलेले असते. दुसऱ्याचे उत्तर मात्र घरात, शेतात व शाळेत ठरते. द्रव्याचा स्वभाव शिक्षकाला किंवा शेतकऱ्याला बदलता येत नाही. त्याचा माणसाकडे येण्याचा मार्ग मात्र बंद करता येतो.

स्वभावानुसार वर्ग

घातक द्रव्ये सर्व एकाच प्रकारे घात करीत नाहीत. पेट्रोल पेट घेते, फटाक्याची दारू स्फोट पावते, ॲसिड व कॉस्टिक सोडा त्वचा व डोळा जाळतात, कीटकनाशक शरीरात शिरून मज्जातंतूंचे काम बिघडविते. शिसे, पारा व ॲस्बेस्टॉस यांचा परिणाम तर अनेकदा वर्षानुवर्षांनी दिसतो. हा भेद ओळखता यावा म्हणून संयुक्त राष्ट्रसंघाच्या नियमांत वाहतुकीसाठी घातक द्रव्यांचे ९ वर्ग केले आहेत: स्फोटके, वायू, ज्वालाग्राही द्रव, ज्वालाग्राही घन, जळणास साहाय्य करणारे ऑक्सिडीकारक पदार्थ, विषारी व रोगकारक पदार्थ, किरणोत्सर्गी पदार्थ, दाहक पदार्थ आणि इतर. महामार्गावरून जाणाऱ्या टँकरच्या पाठीवर कोनावर उभा केलेला जो चौकोन दिसतो, तो याच वर्गांपैकी एक दाखवितो.

२००३ साली संयुक्त राष्ट्रसंघाने बाटल्या व डबे यांसाठीही एक समान चिन्हपद्धती प्रसिद्ध केली. तीत तांबड्या कडेच्या चौकटीत काळे चित्र असते. ज्वाला म्हणजे पेट घेणारे, हातावर व धातूवर पडणारे थेंब म्हणजे जाळणारे, कवटी व हाडे म्हणजे अल्पावधीत मारक ठरणारे विष, आणि छातीवर तारा फुटल्यासारखी खूण असलेली मनुष्याकृती म्हणजे कालांतराने गंभीर व्याधी जडविणारे द्रव्य. अशी एकूण ९ चिन्हे आहेत. ज्याला वाचता येत नाही त्यालाही ती समजावीत, हा त्यांचा हेतू आहे. परंतु चिन्हाचा अर्थही कोणीतरी एकदा शिकवावाच लागतो.

कीटकनाशकांचे चार रंग

शेतकरी कुटुंबातील मुलांना सर्वांत जवळची असलेली घातक द्रव्ये म्हणजे कीटकनाशके होत. १९५८ साली केरळात पॅराथिऑन हे कीटकनाशक जहाजातील वाहतुकीत अन्नपदार्थांत मिसळले गेले आणि ते अन्न खाऊन शंभराहून अधिक माणसे दगावली. त्यानंतर या द्रव्यांवर नियंत्रण आणण्याची निकड जाणवली व १९६८ साली कीटकनाशक कायदा संमत झाला. त्याखालील १९७१ च्या नियमांनुसार प्रत्येक डब्यावर कोनावर उभा केलेला एक चौकोन छापावा लागतो. त्याच्या खालच्या अर्ध्या भागात रंग असतो व वरच्या अर्ध्या भागात इशारा असतो.

या रंगांमागील मोजमाप असे आहे. प्रयोगातील निम्मे प्राणी दगावण्यास विषाची किती मात्रा लागते हे पाहतात आणि ती शरीराच्या दर किलोग्रॅम वजनामागे मिलिग्रॅममध्ये मांडतात. तोंडावाटे दिलेली ही मात्रा १ ते ५० असेल तर रंग लाल. ५१ ते ५०० असेल तर पिवळा. ५०१ ते ५००० असेल तर निळा. आणि ५००० हून अधिक असेल तर हिरवा. लाल रंगावर कवटी, हाडे व ‘विष’ या अर्थाचा शब्द असतो; पिवळ्यावर केवळ तो शब्द असतो; निळ्यावर ‘धोका’ व हिरव्यावर ‘सावधान’ या अर्थाचा शब्द असतो.

येथे मुलांच्या दोन गैरसमजुती होणे संभवते. आकडा जितका लहान तितके विष तीव्र, हे प्रथमदर्शनी उलटे वाटते. म्हणून ते उदाहरणाने सांगावे. दुसरे असे की, रस्त्यावरील दिव्यांमुळे हिरवा म्हणजे निर्धोक ही कल्पना मुलांच्या मनात पक्की असते. कीटकनाशकाच्या डब्यावरील हिरवा रंग तसे सांगत नाही. तेही विषच आहे; घात करण्यास त्याची मात्रा अधिक लागते, इतकेच. शिवाय हे रंग एकदाच पोटात गेलेल्या विषाविषयी सांगतात. थोडेथोडे विष प्रत्येक हंगामात शरीरात जात राहिल्यास काय होईल, हे त्या रंगावरून कळत नाही.

मात्रा दर किलोग्रॅममागे मोजतात, यातून गणिताचा एक उपयुक्त पाठ निघतो. मोठ्या माणसाचे वजन ६० किलोग्रॅम व बालवाडीतील मुलाचे १५ किलोग्रॅम धरले, तर दोघांच्या पोटात सारखेच विष गेले असता मुलाच्या शरीरावर त्याचा भार चौपट पडतो. ‘एवढ्याशाने काय होते’ हे वाक्य मोठ्या माणसाच्या अनुभवातून आलेले असते. लहान मुलाला ते लागू पडत नाही.

शरीरात जाण्याचे मार्ग

घातक द्रव्य शरीरात मुख्यतः तोंडावाटे, श्वासावाटे, त्वचेवाटे व डोळ्यांवाटे जाते. जखमेतूनही ते शिरू शकते. यांतील तोंडाचा मार्ग सर्वांना ठाऊक असतो आणि त्यामुळेच इतर मार्गांकडे दुर्लक्ष होते. ‘पोटात गेले नाही ना, मग काळजी नाही’ ही समजूत खेड्यापाड्यांत सर्वत्र आढळते.

श्वासाचा मार्ग किती भयंकर ठरतो, हे १९८४ च्या डिसेंबर महिन्याच्या २ व ३ तारखांमधील रात्री भोपाळने पाहिले. तेथील कीटकनाशकाच्या कारखान्यातून मिथिल आयसोसायनेट हा वायू सुटला व हजारो माणसे मृत्युमुखी पडली. तो वायू हवेहून जड असल्याने जमिनीलगत पसरला. गावातही हा मार्ग उघडा असतो. धान्यात ठेवायच्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळीचा दमट हवेशी संबंध येताच फॉस्फीन हा अत्यंत विषारी वायू निघतो. म्हणून जेथे माणसे निजतात त्या खोलीत अशा गोळ्या घातलेले धान्य ठेवणे प्राणघातक होय. टीसीएल पावडर व ॲसिड एकत्र आल्यास क्लोरीन वायू सुटतो. शौचालय स्वच्छ करताना ‘दोन्ही टाकले तर अधिक स्वच्छ होईल’ असे वाटून पुष्कळांच्या हातून ही चूक घडते.

त्वचेचा मार्ग सर्वांत फसवा आहे. अनेक कीटकनाशके जखम नसलेल्या त्वचेतूनही आत शिरतात आणि त्या वेळी वेदना होत नाही. घामाने व औषधाने भिजलेला सदरा अंगावर राहिला, तर विष तासन् तास त्वचेला लागून राहते. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करणाऱ्या शेकडो शेतकरी-शेतमजुरांना विषबाधा झाली व वीसहून अधिक जण दगावले. त्या वर्षी कपाशी पुष्कळ उंच वाढली होती. त्यामुळे फवारा मान, तोंड व छाती यांवर येत होता. पुरेशी संरक्षक साधने फवारणाऱ्यांजवळ नव्हती. विष कोणी प्याले नव्हते, तरी ते शरीरात गेले.

डोळ्यांच्या बाबतीत चुन्याची डबी किंवा पुडी विशेष लक्षात ठेवावी. मुले ती खेळता खेळता दाबतात, ती फुटते व चुना डोळ्यात उडतो. तो बुबुळाला जाळतो आणि वेळीच धुतला नाही तर दृष्टी कायमची जाऊ शकते.

मार्ग घरापर्यंत कसा येतो

बहुतेक वेळा द्रव्य सरळ माणसाकडे येत नाही. ते एका वस्तूवरून दुसऱ्या वस्तूवर जात जात येते. फवारणीचा सदरा मुलाच्या कपड्यांबरोबर एकाच बादलीत भिजतो. पंपाच्या नोझलमध्ये कचरा अडकला की तोंडाने फुंकर घातली जाते. हात न धुता तंबाखू मळली जाते. औषधाची उरलेली बाटली पडवीच्या कोनाड्यात खोकल्याच्या औषधाशेजारी ठेवली जाते. आणि दोहोंना घरात ‘औषध’ हाच शब्द असतो. या शब्दाकडे शिक्षकांनी विशेष लक्ष द्यावे. पिकाचे जे औषध तेच किडीचे व माणसाचे विष होय, हे लहान मुलाला आपोआप कळत नाही.

रिकाम्या डब्याचा मार्ग सर्वांत दुःखद आहे. १६ जुलै २०१३ रोजी बिहारमधील सारण जिल्ह्यातल्या गंडामन या गावी शाळेतील मध्यान्ह भोजन खाऊन २३ मुले मृत्यू पावली. ज्या तेलात भाजी शिजविली त्यात मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक आढळले. तेल ठेवण्यासाठी कीटकनाशकाचा डबा वापरला गेला असावा, असे तपासात पुढे आले. मोनोक्रोटोफॉस लाल रंगाच्या वर्गातील आहे. त्याचे वर्गीकरण झालेले होते, नियमही होते. परंतु डब्यापासून कढईपर्यंतचा मार्ग कोणी अडविला नव्हता. शालेय पोषण आहार शिजणाऱ्या प्रत्येक शाळेने ही घटना नित्य स्मरणात ठेवावी.

शाळेत करावयाच्या गोष्टी

पोषण आहाराचे धान्य, तेल व मीठ यांच्या खोलीत फिनेल, ॲसिड, टीसीएल पावडर किंवा कीटकनाशक ठेवू नये. त्यांच्यासाठी कुलपाची स्वतंत्र जागा असावी. तेल मूळ पिशवीतून किंवा डब्यातूनच वापरावे. शिजलेले अन्न मुलांना वाढण्यापूर्वी मोठ्या माणसाने चाखून पाहावे. वास किंवा चव वेगळी लागल्यास ते अन्न वाढू नये. मुलाने चवीविषयी तक्रार केली तर ती हट्ट समजून दुर्लक्षू नये.

वर्गपाठासाठी चार रंगांचे चौकोन मुलांकडून कागदावर रंगवून घ्यावेत व भिंतीवर लावावेत. खरे डबे, ते रिकामे असले तरी, मुलांना आणावयास कदापि सांगू नये. मार्ग समजावण्यासाठी एक सोपा प्रयोग करता येईल. सकाळी एका मुलाच्या तळहाताला हळदीची पूड लावावी व नेहमीप्रमाणे कामकाज चालू द्यावे. तासाभराने पाटी, दप्तर, कडी, शेजाऱ्याचा हात व स्वतःचे तोंड यांवर पिवळा रंग कोठे कोठे लागला, ते मुलांनीच शोधून फळ्यावर लिहावे. हळद दिसते, विष दिसत नाही. एवढे सांगितले की हात धुण्याचा नियम मुलांना निराळा शिकवावा लागत नाही.

अपघात घडल्यास

विषबाधेचा संशय येताच १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. अंगावर विष सांडले असल्यास कपडे तत्काळ काढून साबण व भरपूर पाणी यांनी अंग धुवावे. धुणाऱ्याने स्वतःचे हात जपावेत. डोळ्यात काही गेल्यास निदान १५ मिनिटे वाहत्या स्वच्छ पाण्याने डोळा धुऊन मग दवाखान्यात न्यावे. विषारी वायू असल्यास रुग्णास मोकळ्या हवेत आणावे. परंतु विहिरीत किंवा शौचालयाच्या टाकीत कोणी बेशुद्ध पडला असता त्यामागे तसेच उतरू नये, कारण दुसराही तेथेच पडतो. मिठाचे पाणी पाजून किंवा घशात बोट घालून उलटी करवू नये. रॉकेल व ॲसिड यांच्या बाबतीत तर उलटीने अपाय वाढतो. रॉकेल फुप्फुसात जाते व ॲसिड अन्ननलिका पुन्हा जाळते. द्रव्याचा डबा किंवा त्यावरील चिठ्ठीचे छायाचित्र दवाखान्यात न्यावे. डॉक्टरांना उपचार ठरविण्यास त्याचा मोठा उपयोग होतो.

डब्यावरील बारीक अक्षरांतील सूचना पुष्कळ पालकांकडून वाचल्या जात नाहीत. त्यांच्या घरात ती चिठ्ठी वाचू शकणारे पहिले माणूस चौथीतील मुलगा किंवा मुलगी असणे शक्य आहे. रंग ओळखणारे, इशारा वाचणारे आणि ‘बाबा, हा सदरा वेगळा भिजवा’ असे सांगणारे मूल शाळेतून घरी गेले, तर त्या घरातील विषाचा एक मार्ग त्या दिवशी बंद होतो. खरीप हंगामातील फवारणी सुरू होण्यापूर्वी प्रत्येक शाळेत हा पाठ एकदा व्हावा.