ताप मोजता येतो, जिवाचा घोर कसा मोजायचा?

सप्टेंबर २०२० आठवून पाहा. १५ तारखेला राज्यभर ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ ही मोहीम सुरू झाली. कऱ्हेच्या आणि नीरेच्या काठच्या बारामती-इंदापूर तालुक्यांतही घरोघर पाहणी झाली. कपाळासमोर तापमापक धरायचा, बोटाला ऑक्सिमीटर लावायचा, मधुमेह किंवा रक्तदाब आहे का ते विचारायचे आणि आकडे लिहून घ्यायचे, असे त्या कामाचे स्वरूप होते. समजा, एखाद्या वस्तीवरची आजी म्हणाली, “ताप नाही रे बाबा, पण पुण्यातल्या पोराचा घोर लागलाय. डोळ्याला डोळा लागत नाही.” तर हे कोणत्या यंत्राने मोजायचे?

साथीच्या काळात हा प्रश्न जगभर विचारला गेला. ‘इतके टक्के लोक मानसिक तणावाखाली’ अशा बातम्या आपण वाचल्या. हे टक्के कसे काढतात आणि त्यांवर किती विसंबायचे, ते या लेखात पाहू. शिक्षकांना हे माहीत असणे आवश्यक आहे, कारण अशा प्रश्नावल्या आता शाळेपर्यंत येऊ लागल्या आहेत.

मनाला तापमापक नाही. म्हणून मोजण्याचा एकच मार्ग उरतो : माणसाला विचारणे. पण प्रत्येकाला वेगळे विचारले तर तुलना करता येत नाही. त्यामुळे ठरावीक प्रश्न, ठरावीक क्रमाने, ठरावीक पर्याय देऊन विचारतात. अमेरिकेत रोनाल्ड केसलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९०च्या दशकात तयार केलेली ‘के-१०’ ही अशीच एक मोजपट्टी आहे. तिच्यात १० प्रश्न असतात. गेल्या महिनाभरात अमुक भावना किती वेळा आली, याला ‘कधीच नाही’पासून ‘सतत’पर्यंत पाच उत्तरे असतात आणि त्यांना १ ते ५ गुण असतात. म्हणजे बेरीज १० ते ५० यांच्या दरम्यान येते. ‘पीएचक्यू-९’ ही दुसरी पट्टी गेल्या दोन आठवड्यांतल्या उदासीनतेविषयी ९ प्रश्न विचारते आणि तिचे गुण ० ते २७ असतात.

परीक्षेची प्रश्नपत्रिका काढताना आपण दोन गोष्टी पाहतो. तीच चाचणी पुन्हा घेतली तर साधारण तोच निकाल येतो का, ही विश्वसनीयता. आणि जे मोजायचे तेच मोजले जाते का, ही सप्रमाणता. मनाच्या मोजपट्टीलाही याच दोन कसोट्या लागतात, आणि भाषा बदलली की दोन्ही नव्याने लावाव्या लागतात.

शब्दांचा फेरा

के-१० मध्ये ‘नर्व्हस’ वाटण्याविषयी प्रश्न आहे. इंग्रजीत या शब्दाचा अर्थ भीतीने, काळजीने अस्वस्थ असणे. पण आपल्याकडे “नापास झाल्यापासून तो नर्व्हस आहे” असे म्हणतो तेव्हा तो खचलेला, उदास आहे असे सांगायचे असते. शब्द तोच ठेवला तर काळजीचा प्रश्न उदासीनतेचा होऊन बसतो! आणखी एका प्रश्नाचा आशय असा आहे, की साधी गोष्ट करायलाही फार कष्ट पडतात असे वाटले का. याचे भाषांतर ‘प्रत्येक गोष्ट प्रयत्नपूर्वक करावी लागली का’ असे केले, तर कष्टाळू शेतकरी अभिमानाने ‘सतत’ म्हणेल आणि त्याच्या नावावर पाच गुण चढतील. ‘नैराश्य’ हा शब्द पुस्तकात शोभतो. बोलताना मात्र लोक ‘करमत नाही’, ‘उभारी राहिली नाही’, ‘छातीत धडधडतंय’, ‘लई टेन्शन आलंय’ असे म्हणतात.

म्हणून एकाने मराठीत भाषांतर करायचे, मूळ न पाहिलेल्या दुसऱ्याने ते पुन्हा इंग्रजीत न्यायचे आणि दोन्ही ताडून पाहायचे, अशी रीत आहे. एवढ्यावरही भागत नाही. काही माणसांसमोर प्रश्न वाचून “तुम्हाला यातून काय समजले?” असे विचारावे लागते.

ही अडचण आपलीच नाही. अरबी भाषा वीसहून अधिक देशांत चालते. लिहिण्याची प्रमाण अरबी सर्वत्र जवळजवळ एक, पण मोरोक्कोतली घरची बोली आणि इराकमधली बोली यांत मोठे अंतर. प्रमाण भाषेतली प्रश्नावली सगळीकडे वाचता येते, पण ती घरच्या दुःखाच्या भाषेत बोलत नाही. आपल्याकडे प्रमाण मराठी आणि बोली यांचे नाते असेच आहे. अरबीत मनाच्या क्लेशाला ‘दीक’ म्हणतात. त्याचा मूळ अर्थ अरुंदपणा, कोंडी. आपणही ‘जीव कोंडतो’ म्हणतोच की! दोन्ही भाषांत मनाचे दुःख शरीराच्या शब्दांत येते आणि इंग्रजीवरून केलेल्या प्रश्नात नेमके तेच गळण्याचा धोका असतो.

कोण उत्तर देतो?

चीनमध्ये २०२०च्या सुरुवातीलाच शांघायच्या संशोधकांनी साथीसाठी वेगळी प्रश्नावली तयार केली आणि इंटरनेटवरून ५२,७३० जणांची उत्तरे मिळवली. सुमारे ३५ टक्के लोक क्लेशात असल्याचे त्यांनी नोंदवले. त्याच वर्षी सौदी अरेबियातही ही प्रश्नावली वापरली गेली. पण इंटरनेटवरून उत्तर देतो कोण? ज्याच्याकडे मोबाइल आहे, ज्याला वाचता येते आणि ज्याला हा विषय जवळचा वाटतो, तो.

२०२०च्या एप्रिलमध्ये टाळेबंदीमुळे राज्यातल्या साखर कारखान्यांच्या परिसरात लाखाहून अधिक ऊसतोड कामगार अडकले होते. गाळप संपत आले होते आणि गावाकडचा रस्ता बंद होता. कोपीत राहणाऱ्या, म्हातारे आईबाप गावाकडे ठेवून आलेल्या त्या जोडप्यांपर्यंत असा फॉर्म पोहोचला असता का? ज्याला सर्वांत जास्त घोर, तोच मोजणीबाहेर, असे होऊ शकते. मग उत्तरे पन्नास हजार असोत की पाच लाख, केवळ संख्येने ही उणीव भरून निघत नाही.

साथीने आणखी दोन गुंते वाढवले. थकवा, झोप न लागणे, भूक मरणे ही क्लेशाची लक्षणे, तशीच खुद्द कोविडचीही. शिवाय शेजारी माणसे दगावत असताना भीती वाटणे हा आजार नसतो, शहाणपणही असते. आणि आधीची मोजणीच नसेल तर ‘वाढले’ असे कशाच्या आधारे म्हणायचे? चिंता व नैराश्य यांचे प्रमाण साथीच्या पहिल्या वर्षात जगभर सुमारे २५ टक्क्यांनी वाढले, असे जागतिक आरोग्य संघटनेने मार्च २०२२ मध्ये सांगितले. त्यामागच्या अंदाजात वापरलेल्या पाहण्या प्रामुख्याने पश्चिम युरोप, उत्तर अमेरिका अशा संपन्न भागांतल्या होत्या.

एक गणित वर्गात करून पाहा

समजा, १,००० माणसांत १०० जण खरोखर तीव्र क्लेशात आहेत. आपली पट्टी त्या १०० पैकी ८० जणांना ओळखते. उरलेल्या ९०० पैकी १५ टक्के, म्हणजे १३५ जणांवर ती चुकीची खूण करते. एकूण खुणा झाल्या २१५. बातमी येईल, ‘साडेएकवीस टक्के लोक क्लेशात!’ प्रत्यक्षात दहाच टक्के. खूण झालेल्या दर आठ जणांपैकी जेमतेम तीन खरे. शिवाय २० जण पट्टीतून निसटले ते वेगळेच. म्हणून अशी पट्टी निदान करत नाही. कोणाशी आणखी बोलायला हवे, एवढेच ती सुचवते.

मग या पट्ट्या निरुपयोगी का? मुळीच नाही. गोव्यात विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी प्राथमिक आरोग्य केंद्रांत येणाऱ्या रुग्णांवर अशा पाच प्रश्नावल्या सविस्तर मुलाखतीशी ताडून पाहिल्या. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या त्या कामातून त्या आपल्याकडेही उपयोगी पडतात असे दिसले. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत ‘विश्राम’ उपक्रम झाला. नैराश्य असलेल्यांपैकी उपचार घेणाऱ्यांचे प्रमाण १८ महिन्यांत ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेल्याचे २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. तिथे मोजणीच्या जोडीला गावातच मदत उभी होती, हे महत्त्वाचे.

शिक्षकासाठी सर्वांत मोठा धडा हाच आहे. पीएचक्यू-९ चा शेवटचा प्रश्न जीव नकोसा वाटण्याविषयी आहे. असा प्रश्न वर्गात वाटून, उत्तरे गोळा करून, कपाटात ठेवून देणे हे न विचारण्यापेक्षा वाईट. एखाद्या मुलाने ‘हो’ लिहिले तर त्याच दिवशी कोण बोलणार, पालकांना कोण सांगणार, पुढे कोणाकडे पाठवणार, हे आधी ठरवावे. १० ऑक्टोबर २०२२ पासून ‘टेलिमानस’ची १४४१६ ही मोफत सेवा आहे. मुलांसाठी १०९८ आहे. हे क्रमांक फळ्याच्या कोपऱ्यात कायम असू द्यावेत.

आणि प्रश्नावली हाती नसली तरी आपल्याकडे एक जुने साधन आहेच. रोज हजेरी घेताना ज्याचा आवाज बदलला ते आपल्याला कळते. तो आकडा नव्हे, आणि त्यावरून तालुक्याची टक्केवारी काढता येणार नाही. पण “काय रे, आज बरं नाही का?” असे विचारायला तेवढे पुरते.