ताहूला कोपर हवे का?

गेल्या सत्रात आमच्या हाउसमध्ये दोन तट पडले. कारण क्रिकेटही नव्हते आणि मेसमधली खीरही नव्हती. कारण होता वीतभर उंचीचा, लाल प्लॅस्टिकचा एक योद्धा. त्याचे नाव ताहू.

हा ताहू माझ्या मामाचा. मामा तेव्हा बोटीवर नोकरीला होता. २००१ साली त्याने सिंगापूरच्या एका दुकानातून तो आणला. मी सहावीत या शाळेत दाखल झालो, तेव्हा ट्रंक भरताना त्याने तो माझ्या हातात ठेवला आणि एवढेच म्हणाला, "खेळणार असशील तर ने. नुसता ठेवणार असशील तर माझ्याकडेच बरा आहे."

खरे सांगायचे तर पाच वर्षे मी तो नुसता ठेवलाच. लॉकर तपासणीच्या दिवशी स्वेटरमागे आणि एरवी पुस्तकांमागे. यंदा पालक दिनाच्या प्रदर्शनात हॉबी क्लबच्या टेबलावर तो मांडायचे ठरले. माझा रूममेट केरळचा आहे आणि त्याच्या हातात कला आहे. त्याने ताहूला उलटसुलट करून पाहिले आणि निकाल दिला, "याला कोपर नाही, गुडघा नाही. हा सॅल्यूटसुद्धा करू शकत नाही. कसला योद्धा? माझ्याकडे सुटे भाग आहेत, अर्ध्या तासात बसवून देतो."

मी नको म्हणालो. तो का म्हणाला. रात्रीपर्यंत निम्मे हाउस त्याच्या बाजूने आणि निम्मे माझ्या बाजूने झाले.

पुढे वाचायला लागलो तेव्हा कळले, की आमचा वाद नवा नव्हता. जोडून बनवायच्या ॲक्शन फिगरचे चाहते वीस वर्षांहून अधिक काळ हाच वाद घालत आहेत. वरवर पाहता तो खेळण्याचा वाद आहे, पण त्यात यंत्रशास्त्राचा चांगला धडा दडला आहे. म्हणून मराठी पानासाठी तोच विषय घेतला.

ताहू आला कुठून?

लेगो ही डेन्मार्कमधील बिलुंड या गावची कंपनी. स्थापना १९३२ ची. आज आपण ओळखतो त्या लेगो विटेचे पेटंट २८ जानेवारी १९५८ चे आहे. १९९८ साली कंपनीला प्रथमच तोटा झाला आणि नव्या कल्पनांचा शोध सुरू झाला. १९९९ मध्ये 'स्लायझर' ही यंत्रमानवांची मालिका आली आणि २००१ मध्ये 'बायोनिकल'. सहा योद्धे, सहा तत्त्वे. ताहू अग्नीचा, गाली पाण्याची, लेवा हवेचा, कोपाका बर्फाचा, ओनुआ मातीचा आणि पोहातू दगडाचा. प्रत्येक जण डब्यात सुट्या भागांच्या रूपात यायचा. भाग जोडा, योद्धा उभा करा, खेळा.

डब्याचीही एक गोष्ट आहे. ही कल्पना रंगवणाऱ्यांपैकी ख्रिश्चन फेबर यांच्या मेंदूत गाठ होती आणि त्यांचे उपचार चालू होते. शरीरात जाऊन लढणारे औषध म्हणजे जणू छोटे सैनिक, असे त्यांना वाटले. कथेतही हे सहा योद्धे औषधाच्या कॅप्सूलसारख्या डब्यांतून बेटावर येतात, आणि बेटाखाली एक महाकाय यंत्रमानव निद्रिस्त असतो. आजाराशी झुंजताना सुचलेले हे खेळणे कंपनीच्या पडत्या काळात तिचा मोठा आधार ठरले.

पहिला तट: चाकवाले

मूळ ताहूच्या पाठीवर एक दातेरी चाक आहे. ते बोटाने फिरवले की आतल्या चाकांतून गती खांद्यापर्यंत जाते आणि तलवारीचा हात वर-खाली होतो. पोहातू याच युक्तीने लाथ मारतो. डोक्यातून आरपार एक पारदर्शक तुकडा जातो. मागून उजेड पडला की डोळे चमकतात.

चाकवाल्यांचे म्हणणे असे, की ही फिगर स्वतः काहीतरी करते. मुलगा ती बांधतो तेव्हा एक यंत्र बांधतो. एका चाकाचे दात दुसऱ्यात कसे अडकतात आणि पाठीवरची गती हातात कशी पोचते, हे त्याला बोटांनी कळते.

पण याची किंमत आहे. धडाची बरीचशी जागा चाकांनी व्यापली. हाताला एकच हालचाल उरली, वर आणि खाली. कोपर नाही आणि गुडघा नाही, तो याचमुळे साध्या बांधणीचा.

दुसरा तट: सांधेवाले

विज्ञानाच्या पुस्तकात आपण सांध्यांचे प्रकार शिकतो. बिजागरीचा सांधा दाराप्रमाणे एकाच प्रतलात हलतो, जसे आपले कोपर. उखळीचा सांधा म्हणजे गोल टोक आणि त्याला धरणारी वाटी. तो सर्व बाजूंना फिरतो, जसा आपला खांदा.

२००४ सालच्या बायोनिकल योद्ध्यांना कोपर आणि गुडघे मिळाले, आणि खांद्याची दातेरी चाकेही राहिली. अनेक चाहते त्या वर्षाला मधला उत्तम टप्पा मानतात. २००६ मध्ये मुख्य योद्ध्यांतून चाके गेली आणि सगळीकडे उखळीचे सांधे आले. आता योद्धा धावू शकत होता, वाकू शकत होता, गुडघ्यावर बसून नेम धरू शकत होता. मात्र तीच बांधणी पुढची काही वर्षे पुन्हा पुन्हा वापरली गेली, आणि "मुखवटा बदलला, आत तोच गडी" अशी तक्रार सुरू झाली.

उखळीच्या सांध्याची दुखणी दोन आहेत. एक घर्षणाचे. वाटी गोळीला जेवढी घट्ट धरते, तेवढेच वजन हात पेलतो. दुसरे झिजेचे. घट्ट धरण्यासाठी वाटी नेहमी किंचित ताणलेली असते आणि प्लॅस्टिकवर वर्षानुवर्षे ताण राहिला की चीर पडते. २००८ च्या आसपासचे पोपटी रंगाचे सांधे तर यासाठी चाहत्यांत कुप्रसिद्ध आहेत.

२०१० मध्ये बायोनिकल थांबले. त्याच वर्षी 'हीरो फॅक्टरी' आली आणि २०११ पासून तिच्यात नवी पद्धत सुरू झाली. आत हाडांसारखे साधे दांडे आणि त्यावर बसणारी कवचे. दांडा बदला, उंची बदलते. कवच बदला, रूप बदलते. सांधेवाल्यांना ही पद्धत स्वच्छ आणि मोकळी वाटली. चाकवाल्यांना ती गुळगुळीत आणि बेचव वाटली, कारण जुन्या भागांवरची नळ्या-दट्ट्यांची नक्षी गेली. २०१५ मध्ये बायोनिकल परतले तेव्हा दांडे-कवचांच्या जोडीला दातेरी चाकेही आली. दोन्ही तटांना जवळ आणण्याचा तो प्रयत्न होता, पण २०१६ मध्ये ती मालिकाही संपली.

वाद मोजता येतो का?

आमचा वाद फिजिक्सच्या सरांच्या कानावर गेला. ते म्हणाले, "जेवढा मोजता येतो तेवढा मोजा. उरलेल्यावर भांडा."

रूममेटच्या नातेवाइकांनी दुबईहून आणलेल्या हीरो फॅक्टरीच्या सुट्या भागांतून आम्ही दुसरा योद्धा उभा केला. त्याचा हात आडवा धरला आणि हाताच्या टोकाला कागदाची पुडी बांधून तीत एक-एक रुपयाची नाणी टाकत गेलो. कोपर नसलेला आखूड हात सात नाण्यांपर्यंत टिकला. कोपर आणि पुढचा हात जोडल्यावर तोच खांदा चौथ्या नाण्याला खाली आला.

कारण सोपे आहे. खांद्यावर येणारा वळवणारा जोर म्हणजे वजन गुणिले अंतर. तलवार तीच ठेवून ती ८ सेंटिमीटरऐवजी १२ सेंटिमीटरवर धरली, तर जोर दीडपट होतो. शिवाय नव्या कोपराचे स्वतःचे वजनही खांद्यालाच पेलावे लागते. रायफल हात लांब करून धरली की मनगटाआधी खांदा का भरून येतो, हे ड्रिलच्या मैदानावर आपण सगळेच शिकलो आहोत.

म्हणजे कोपर फुकट मिळत नाही. चाकही फुकट मिळत नाही. चाक घेतले तर हालचालींचे प्रकार कमी होतात. सांधा घेतला तर ताकद आणि आयुष्य यांवर लक्ष ठेवावे लागते. हे मान्य झाल्यावर आमच्या भांडणातला निम्मा आवाज गेला.

पुढे काय?

भविष्याबद्दलचा वाद मात्र वेगळा आहे. २०१४ पासून लेगोत लहान आकाराचे उखळीचे सांधे आले आणि साध्या विटांतूनच यंत्रमानव बांधणे सोपे झाले. २०२३ मध्ये कंपनीने खरेदीसोबत भेट म्हणून ताहूचा एक छोटा संच दिला. तो जुन्या मोठ्या भागांचा नव्हता, विटांचा होता.

विटांच्या बाजूचे लोक म्हणतात, हेच बरोबर आहे. प्रत्येक खास भागासाठी वेगळा साचा लागतो आणि साचा महाग असतो. २००४ च्या आर्थिक संकटानंतर कंपनीने तुकड्यांचे प्रकार कमी केले, ते याच हिशेबाने. ताहूची तलवार ताहूलाच शोभते, पण वीट घरालाही चालते आणि योद्ध्यालाही. विरोधक म्हणतात, विटांचा योद्धा फळीवर छान दिसतो, पण जमिनीवर पडला की त्याचे तुकडे होतात. जुना ताहू जिन्यावरून पडला तर उचलून पुन्हा लढाईला पाठवता यायचा.

इथे मला मामाचे वाक्य आठवले. २००१ ची मुले आज मोठी झाली आहेत आणि १८ वर्षांवरील ग्राहकांसाठी म्हणून वेगळे संचही निघतात. ज्याला ठेवायचे आहे त्याला रूप हवे. ज्याला खेळायचे आहे त्याला मजबुती हवी. चाक की सांधा या प्रश्नाच्या मागे खरा प्रश्न हा आहे, की योद्धा कोणासाठी बांधायचा, फळीसाठी की फरशीसाठी?

टक्

प्रदर्शनाच्या आदल्या रात्री एक अडचण आली. दुसऱ्या योद्ध्याला पाऊलच नव्हते. रूममेटने ताहूकडे पाहिले, मग माझ्याकडे. वीस वर्षांपेक्षा जुना भाग ओढून काढायचा म्हणजे चीर पडण्याचा धोका. मामाची एकुलती आठवण. मी बराच वेळ काही बोललो नाही. मग हळूहळू फिरवत ताहूचे एक पाऊल स्वतःच काढले आणि नव्या पायाच्या गोळीवर दाबले.

टक्. अगदी नेमके बसले.

२००१ चे पाऊल आणि दहा वर्षांनी निघालेल्या पद्धतीचा पाय. मधल्या काळात रूप बदलले, चाके गेली, मालिकेचे नाव बदलले, पण गोळीचे माप बदलले नाही. १९५८ ची वीट आजच्या विटेवर बसते, तसेच हे.

आपल्यासारख्यांना याचे महत्त्व वेगळे सांगायला नको. १७८५ मध्ये पॅरिसजवळ ओनोरे ब्लां या फ्रेंच बंदूक-कारागिराने थॉमस जेफरसन यांना बंदुकीच्या चापाचे सुटे भाग दिले. जेफरसन यांनी ढिगातून हाताला येतील ते भाग उचलून जोडले आणि ते नीट बसले. त्याआधी बंदुकीचा भाग मोडला की कारागिराने कानस घेऊन तेवढ्यापुरता नवा भाग घडवायचा. सारख्या मापाच्या भागांमुळे दुरुस्ती कारागिराच्या दुकानातून रणांगणावर आली.

म्हणून माझे मत असे झाले आहे. पुढचा ताहू चाकांचा असो, सांध्यांचा असो की विटांचा, त्याचा एक तरी भाग मामाच्या ताहूला बसला पाहिजे. माप टिकले तर दोन्ही तटांना आपापला योद्धा बांधता येईल आणि वादही मजेत चालू राहील. माप तुटले तर जुने योद्धे फळीवरच राहतील.

प्रदर्शनासाठी पाऊल मी ताहूला परत बसवले. दुसऱ्या योद्ध्याला गुडघे होते, म्हणून त्याला काड्यापेटीवर बसवले आणि त्याचा हात सॅल्यूटला लावला. सहावीच्या मुलांनी आधी ताहूचे चाक फिरवले, तलवार वर गेली तशी ती हसली. मग दुसऱ्याला उचलून त्यांनी त्याला रांगायला लावले, झोपवले, परेड करायला लावली. कोण जिंकले ते आम्ही मोजले नाही.

रविवारच्या फोनवर मामाला सांगितले, की मी ताहूचे पाऊल काढले होते. तो क्षणभर गप्प राहिला.

"दुसऱ्याला बसलं का?"

"टक् करून बसलं."

"मग ठीक आहे," मामा म्हणाला. "आता खरा तुझा झाला."