बाळाची छाती पिळू नका

लेखमाला : बाळाचं पहिलं वर्ष (लेखांक ६)

मागच्या आठवड्यात नाळेची काळजी पाहिली. आज बाळाच्या छातीवर येणाऱ्या सुजेविषयी.

गोंदियाच्या बाई गंगाबाई स्त्री रुग्णालयातून बाळ-बाळंतीण घरी आली की मालिश सुरू होते. आजी किंवा न्हाऊ घालणारी बाई बाळाला पायांवर आडवं घेते, कोमट तेल चोळते. बाळाची छाती फुगलेली दिसली, की अंगठा आणि बोटाच्या चिमटीत धरून ती पिळते. दोन-चार पांढरे थेंब येतात. ‘दूध काढलं नाही तर गाठ राहील’ असं ती मायेनंच सांगते. पण याच मायेतून बाळाला इजा होते.

ही सूज मुलगा-मुलगी दोघांनाही येते. गरोदरपणी आईची संप्रेरकं वारेतून बाळापर्यंत पोहोचतात आणि त्यांच्यामुळे बाळाच्या स्तनाग्रामागची ग्रंथी फुगते. कधी दोन्ही बाजूंना, कधी एकाच बाजूला. कधी त्यातून दूधही येतं. हा आजार नाही. बहुतेक बाळांची सूज काही आठवड्यांत, काहींची काही महिन्यांत आपोआप उतरते. औषध, शेक, लेप काहीच लागत नाही.

पिळल्याने मात्र उलटंच होतं. ग्रंथी चाळवली जाते, दूध येतच राहतं. नाजूक त्वचेला बारीक चिरा पडतात, त्यातून जंतू आत शिरतात आणि पू होतो. मग चीर देऊन पू काढावा लागतो. मुलीच्या बाबतीत नुकसान आणखी मोठं: तिचा पुढचा स्तन याच इवल्या ग्रंथीतून वाढणार असतो. ती दुखावली, तर वयात आल्यावर ती बाजू लहान राहू शकते.

छाती लाल, गरम झाली, हात लावताच बाळ कळवळलं, पू आला, ताप आला किंवा बाळ दूध ओढेनासं झालं, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. देवरी-सालेकसाच्या आतल्या गावांतून निघायचं असेल, तर आजारी बाळासाठी १०२ ची गाडी मोफत मिळते.

कधी वर्ष-दोन वर्षांच्या मुलीच्या छातीवर बटणाएवढी गाठ लागते. घरच्यांच्या मनात थेट कॅन्सर येतो. या वयात तो अत्यंत दुर्मीळ आहे. एवढीच वाढ असेल, तर बहुधा ती थांबते किंवा विरते. डॉक्टरांना एकदा दाखवून उंची-वजनाची नोंद ठेवावी. मात्र ८ वर्षांच्या आत छातीबरोबर उंची झपाट्याने वाढली, खालचे केस आले किंवा रक्तस्राव झाला, तर तपासणी लांबवू नका. आणि ती गाठ म्हणजे स्तनाची कळी असू शकते. ती कापून काढली तर तिथे स्तन वाढतच नाही. म्हणून बालरोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय शस्त्रक्रियेला होकार देऊ नये.

दवाखान्यात बाळंतपण झालेल्या घरी आशाताई ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी येतात. त्या आल्या की बाळाची छाती उघडून दाखवा, आणि त्या वेळी आजीलाही शेजारी बसवा. मालिश तिच्याच हातची होऊ द्या. फक्त छातीवरून हात हलकेच फिरवायचा, पिळायचं नाही.

पुढील आठवड्यात : बाळाची कावीळ