रिकाम्या नळीतला बँड

सकाळी ६.४०. हरभरा उपटायचा नाही, खणून काढायचा. ओढला की मुळांवरच्या गाठी मातीतच राहतात. पीक चाळीस दिवसांचं. विहिरीकडची सहा झाडं आणि बांधाकडची सहा, ढेकळासकट ओल्या गोणपाटात गुंडाळते. शेतमालक काका शेजारी उकिडवे बसलेत. "ताई, युरिया टाकू का नको, एवढंच सांगा." संध्याकाळी फोन करते म्हणून निघते.

९.१५. बेसिनवर मुळं धुणं हे दिवसातलं सर्वांत सुखाचं काम. मग ब्लेडने काही गाठी कापून बघायच्या. विहिरीकडच्या टपोऱ्या, आतून गुलाबी. बांधाकडच्या बारीक, पांढऱ्याफटक. गुलाबी रंग लेगहिमोग्लोबिनचा, आपल्या हिमोग्लोबिनच्याच भावकीतला. हवेतला नायट्रोजन फोडणारं नायट्रोजनेज ऑक्सिजन लागला की कामातून जातं, पण गाठीतल्या जिवाणूला श्वास तर हवाच. नायट्रोजनचा एक रेणू फोडायला एटीपीचे किमान १६ रेणू जळतात, ते येणार कुठून? म्हणून लेगहिमोग्लोबिन ऑक्सिजन धरून ठेवतं आणि मापून वाढतं.

१०.००. उरलेल्या गाठी मुळांसकट बाटल्यांत, वर रबरी बूच. दहा टक्के हवा काढून तेवढंच अ‍ॅसिटिलीन. नायट्रोजनेज तसं भोळं: तिहेरी बंध दिसला की नायट्रोजन सोडून अ‍ॅसिटिलीनलाही हात घालतं आणि इथिलीन तयार करतं. १९६६ पासून जगभर हीच युक्ती चालते.

तासाभरात पीसीआर लावून टाकते. मागच्या फेरीत याच दोन वाफ्यांतल्या गाठींतून वाढवलेले जिवाणू, काँगो रेड न शोषणाऱ्या पांढऱ्या चिकट वसाहती, त्यांचा डीएनए. शोधायचं आहे निफ-एच, म्हणजे नायट्रोजनेजच्या एका प्रथिनाचं जनुक. अपेक्षित तुकडा ३६० बेस जोड्यांचा. शेवटच्या नळीत डीएनएऐवजी नुसतं पाणी: ब्लँक, तिथे काहीच दिसायला नको.

११.१५. गॅस क्रोमॅटोग्राफ. विहिरीकडच्या बाटल्यांत इथिलीनचं शिखर, बांधाकडच्यांत सपाट रेषा.

१.००. डबा. समोर न्यूझीलंडच्या ओटागोतला जुना शोधनिबंध, मी तो कादंबरीसारखा पुन्हा पुन्हा वाचते. तिथल्या एका शेतात लोटस या चारापिकाला चालेल असा जिवाणूच नव्हता. बियाण्यासोबत एकच वाण सोडला. सात वर्षांनी गाठी उघडल्या तर आत भलतेच, नाना जातींचे जिवाणू. पण गाठीची आणि नायट्रोजनची जनुकं मात्र पेरलेल्या वाणाचीच. सलिव्हन आणि रॉनसन यांनी हे १९९५ साली मांडलं. १९९८ मध्ये तो तुकडाही सापडला: सुमारे पाच लाख अक्षरांचं 'सिम्बायोसिस आयलंड', शेजारच्या जिवाणूत उडी मारून एका टी-आरएनए जनुकापाशी घर करणारं. म्हणजे वारसा आईकडूनच यावा असं काही नाही, बांधावरच्या शेजाऱ्याकडूनही येतो. पुढे ऑस्ट्रेलियात बिसेरुला या चारापिकावर उलटी बाजू दिसली: अशी उसनी जनुकं घेतलेले जिवाणू गाठी करतात, पण नायट्रोजन जवळजवळ देत नाहीत. फुकटे भाडेकरूच! हरभऱ्याचे जिवाणू याच कुळातले, मेझोरायझोबियम. बांधाकडच्या पांढऱ्या गाठींविषयी माझा संशय तोच. तिथेही निफ-एच सापडलं, तर जनुक आहे पण काम नाही, असं निदान म्हणता येईल.

३.३०. जेल. विहिरीकडच्या नळ्या: ३६० ला बँड. बांधाकडच्या: ३६० ला बँड. मी खुर्चीत उडतेच.

ब्लँक: ३६० ला बँड.

फिका आहे, पण आहे. निफ-एच शोधणाऱ्यांच्या नशिबी हे असतंच. पीसीआरच्या विकतच्या द्रावणांतही भटक्या जिवाणूंचं हे जनुक सापडलेलं आहे. पण माझं पिपेटही साव नसेल. अख्खा जेल बाद. सर फोटो बघून फक्त "हं" म्हणतात.

६.१०. काकांना फोन. विहिरीकडे युरिया टाकू नका; आयतं नत्र मिळालं की झाड गाठींचं काम बंद करतं. बांधाकडे गाठी काम करत नाहीत, पण का ते अजून कळलेलं नाही.

"विहिरीकडच्या लाल आहेत ना आतून?" काका म्हणतात. "नखाने फोडून मी सकाळीच बघितलं होतं."

उद्या नवं पाणी, नवं मास्टर मिक्स, आणि ब्लँक तीन.