बालकांतील मूत्रशल्यकर्मानंतरचे मज्जासंस्थेचे उपद्रव

मूत्रमार्गावरील शल्यकर्मानंतर बालकास आकडी आली अथवा त्याची शुद्ध मंदावली, तर प्रथम संशय भुलीवर किंवा तापावर जातो. वस्तुतः अशा वेळी रक्तातील सोडियमचे प्रमाण तत्काळ पाहावयास हवे. ते घटल्याचे वेळीच ओळखल्यास बालक पूर्ववत होऊ शकते. विलंब झाल्यास मेंदूस कायमची इजा पोचते, क्वचित मृत्यूही ओढवतो.

पश्च मूत्रमार्गातील झडपा दुर्बिणीतून छेदताना दृष्टी स्वच्छ राहावी म्हणून सतत द्रव सोडावा लागतो. एकध्रुवी विद्युत्उपकरणास सलाइन चालत नाही, कारण ते विद्युत्वाहक असते. त्यामुळे ग्लायसीनचे द्रावण किंवा ऊर्ध्वपातित जल वापरण्याची प्रथा पडली. छेदलेल्या शिरांवाटे हा द्रव रक्तात शिरतो.

प्रश्न प्रमाणाचा आहे. 10 किलो वजनाच्या बालकाच्या शरीरात सुमारे 6 लिटर पाणी असते. त्यात अर्धा लिटर शुद्ध पाणी मिसळल्यास, स्थूल हिशेबाने, सोडियम लिटरमागे 140 मिलिमोलवरून 129 वर येते. 60 किलो वजनाच्या प्रौढात तेवढ्याच पाण्याने ते जेमतेम 138 होते.

दुसरे कारण शल्यकर्मानंतरचे. वेदना व मळमळ यांमुळे मूत्ररोधी संप्रेरक स्रवत राहते आणि शरीर पाणी धरून ठेवते. त्यातच अल्पक्षार द्रव शिरेतून दिल्यास सोडियम घटते. हॉलिडे व सेगर यांनी 1957 मध्ये मांडलेले द्रवाच्या मात्रेचे गणित आजही वापरात आहे; त्यांनी सुचविलेले क्षाराचे अल्प प्रमाण मात्र मागे पडले. अमेरिकेच्या बालरोगतज्ज्ञ संस्थेने 2018 मध्ये, काही अपवाद वगळून, रक्ताशी समक्षार द्रवाचीच शिफारस केली.

सोडियम उतरताच परासरणाने पाणी मेंदूच्या पेशींत शिरते. बालकाचा मेंदू कवटीच्या मानाने मोठा असल्याने सुजेस वाव थोडा. डोकेदुखी, उलटी, सुस्ती, आकडी व श्वासरोध असा क्रम संभवतो. आकडी आल्यास 3 टक्के सलाइन, दर किलो वजनास 2 मिलिलिटर याप्रमाणे, 10 ते 15 मिनिटांत देतात. पुढील सुधारणा मात्र सावकाश हवी. ती अतिवेगाने झाल्यास मेंदूतील मज्जावरणाचा नाश होण्याचे भय असते.

सर्वच उपद्रव मेंदूचे नसतात. पाय उचलून बांधलेल्या स्थितीत गुडघ्याच्या बाहेरील मज्जातंतूवर दाब आल्यास पाऊल लुळे पडते. दुभंगलेल्या कण्याच्या बालकांत पायांची दुर्बलता आधीपासूनच असू शकते. म्हणून शल्यकर्मापूर्वी पायांची शक्ती तपासून नोंदविणे अगत्याचे होय.

या विषयाचे गांभीर्य निलंग्यासारख्या तालुक्याच्या ठिकाणी अधिक जाणवते. लातूरला शल्यकर्म होऊन बालक घरी परतते आणि लघवी साफ व्हावी म्हणून पालक त्यास वारंवार पाणी पाजतात. एरव्ही हितकर असलेला हा उपाय उलट्या करणाऱ्या, सुस्त बालकास घातक ठरू शकतो. तेव्हा शल्यकर्म कोणते, द्रव कोणता व किती वापरला आणि अखेरचे सोडियम किती, ही माहिती घरी जातानाच्या कागदावर लिहिलेली असावी. आणि उलटीसह सुस्ती दिसताच पाण्याचा आग्रह थांबवून बालकास रुग्णालयात न्यावे, हे पालकांना त्यांच्या बोलीत सांगितलेले असावे. निलंग्यात त्या बालकास प्रथम पाहणाऱ्या वैद्याच्या हाती निदानाचे तेच पहिले साधन असते.