अरबी भाषा आणि इमारत-आरेखन : सीमाभागातील विद्यार्थ्यांपुढील दोन अभ्यासक्रम

दहावीचा निकाल लागला की पुढे काय, हा प्रश्न घरोघरी उभा राहतो. पैनगंगेच्या दोन्ही तीरांवरील कुटुंबांना तो अधिकच जाणवतो. 1956 च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत किनवट व राजुरा हे तालुके आदिलाबाद जिल्ह्यातच मोडत असत. पुढे ते महाराष्ट्रात आले; परंतु आदिलाबाद जिल्ह्यात मराठी भाषकांची वस्ती कायम राहिली आणि सोयरिकी, बाजारहाट व शिक्षण यांची देवाणघेवाणही थांबली नाही. या भागातील विद्यार्थ्यांना उपलब्ध असलेल्या, परंतु फारशा परिचित नसलेल्या दोन अभ्यासक्रमांची माहिती येथे देण्याचा उद्देश आहे. त्यांपैकी एक अरबी भाषेचा असून दुसरा इमारत-आरेखनाचा आहे.

वरवर पाहता या दोहोंचा परस्परांशी संबंध नाही असे वाटेल. तथापि उत्तर तेलंगणातील गावांतून आखाती देशांत बांधकामावर जाणाऱ्या तरुणांची संख्या मोठी आहे. तेथे जाणाऱ्याच्या हाती दोन कागद पडतात. पहिला नोकरीचा करारनामा आणि दुसरा इमारतीचा नकाशा. हे दोन्ही कागद ज्याला वाचता येतात तो कारागीर, आणि ज्याला येत नाहीत तो केवळ मजूर, असा भेद प्रत्यक्ष कामावर पडतो.

अरबीचे शिक्षण

तेलंगणातील इंटरमिजिएट परीक्षेस द्वितीय भाषा म्हणून घेता येणाऱ्या भाषांत अरबीचा समावेश आहे. मात्र प्रत्येक महाविद्यालयात अरबीचे अध्यापक असतातच असे नाही; म्हणून प्रवेशापूर्वी त्याची चौकशी करणे अगत्याचे ठरते. उच्च शिक्षणासाठी हैदराबाद हे जुने केंद्र आहे. 1888 साली तेथे स्थापन झालेल्या दायरतुल मआरिफ या संस्थेने दुर्मिळ अरबी हस्तलिखिते संपादित करून प्रसिद्ध केली. 1918 साली स्थापन झालेले उस्मानिया विद्यापीठ, 1998 चे मौलाना आझाद राष्ट्रीय उर्दू विद्यापीठ आणि इंग्रजी व परकीय भाषा विद्यापीठ येथेही अरबीच्या अध्यापनाची सोय आहे.

अरबी लिपीत 28 अक्षरे असून ती उजवीकडून डावीकडे लिहिली जाते. ऱ्हस्व स्वर सामान्यतः लिहिले जात नाहीत. ते शब्दाच्या घडणीवरून ओळखावे लागतात. बहुतेक शब्द तीन व्यंजनांच्या धातूपासून सिद्ध होतात. ‘क-त-ब’ या लेखनवाचक धातूपासून किताब म्हणजे पुस्तक, कातिब म्हणजे लेखक आणि मकतब म्हणजे लिहिण्याचे ठिकाण असे शब्द बनतात.

मराठी विद्यार्थ्याला ही भाषा सर्वस्वी परकी नाही. इमारत, नकाशा, मजला, बुरूज, हौद, किल्ला, मुकादम, हिशेब हे आपले नित्याचे शब्द मुळात अरबी असून बहुधा फारसीच्या द्वारे मराठीत आले. ‘इमारत’ आणि ‘उमर’ हे दोन्ही शब्द एकाच धातूचे आहेत. शिवकाळात राज्यव्यवहारकोशाने दरबारी भाषेतील यावनी शब्दांना संस्कृत पर्याय दिले. तरीही बांधकामावरील हे शब्द गवंड्यांच्या तोंडी टिकून राहिले.

येथे एक गोष्ट ध्यानी ठेवावी. महाविद्यालयात शिकविली जाते ती ग्रंथिक अरबी होय; आखातातील बोली तिच्याहून भिन्न आहे. करारनामा मात्र ग्रंथिक भाषेतच असतो. सौदी अरेबियाच्या कामगार कायद्यानुसार अरबी व अन्य भाषेतील मजकुरात तफावत आढळल्यास अरबी मजकूरच प्रमाण मानला जातो. पगाराचा आकडा, कामाचे तास आणि परतीचे भाडे ही तीन कलमे स्वतः वाचता येणे म्हणजे अर्धी फसवणूक टळणे होय.

इमारत-आरेखनाचे शिक्षण

औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील आरेखक (स्थापत्य) हा व्यवसाय-अभ्यासक्रम दोन वर्षांचा असून गणित व विज्ञान घेऊन दहावी उत्तीर्ण झालेल्यांस तो खुला आहे. तंत्रनिकेतनातील स्थापत्य पदविका तीन वर्षांची असते. तेलंगणात तिच्या प्रवेशासाठी पॉलिसेट ही परीक्षा द्यावी लागते. पदविकेनंतर अभियांत्रिकी पदवीच्या दुसऱ्या वर्षास थेट प्रवेश मिळू शकतो. वास्तुविशारदाची पदवी मात्र पाच वर्षांची आहे आणि 1972 च्या वास्तुविशारद अधिनियमानुसार नोंदणी झाल्याखेरीज ते नामाभिधान लावता येत नाही.

आरेखनात प्रामुख्याने तीन आकृत्या काढावयास शिकवितात. खिडकीच्या उंचीवर इमारत आडवी कापली असता वरून जे दिसेल तो तळ-आराखडा, समोरून दिसते ते दर्शनी चित्र आणि उभी कापली असता पायापासून छपरापर्यंत जे दिसते तो छेद. 1:100 या प्रमाणात कागदावरील एक सेंटिमीटर म्हणजे जागेवरील एक मीटर होय. पूर्वी हे काम फळा, टी-स्क्वेअर व शाईच्या लेखणीने होई. आता संगणकाचीही जोड मिळाली आहे.

नकाशा वाचण्यातील चूक किती महाग पडते याचे एक उदाहरण पुरेसे आहे. 4 मीटर लांब व 3 मीटर रुंद अशी खोलीची आतील मापे दिली आहेत आणि भिंत 23 सेंटिमीटर जाडीची आहे, असे समजू. गवंड्याने ती मापे बाहेरची समजून आखणी केली तर आतील जागा 3.54 गुणिले 2.54 मीटर एवढीच उरते. बारा चौरस मीटरची खोली नऊवर येते. घरमालकाची चतुर्थांश जागा अशा रीतीने भिंती उभ्या राहण्यापूर्वीच नाहीशी होते.

निवड करताना

दोन्ही अभ्यासक्रम एकाच वेळी करण्याची आवश्यकता नाही. आरेखनाचे प्रमाणपत्र हे उपजीविकेचे साधन असून ते गावातील घरकुलापासून शहरातील कंत्राटापर्यंत सर्वत्र उपयोगी पडते. अरबीचे ज्ञान त्यास पूरक ठरते. ज्यांचा कल भाषेकडे आहे त्यांच्यासाठी अध्यापन व भाषांतर ही क्षेत्रेही आहेत. परदेशी जाऊ इच्छिणाऱ्यांनी 1983 च्या उत्प्रवास अधिनियमाखाली नोंदणी झालेल्या भरती अभिकर्त्यामार्फतच जावे आणि कराराची प्रत घरी ठेवावी.

मुलगा परदेशी जावो अथवा गावातच राहो, सही करण्यापूर्वी कागद वाचण्याची आणि पाया खणण्यापूर्वी नकाशा समजून घेण्याची सवय त्याला लागली तर शिक्षणाचा हेतू सफल झाला असे म्हणता येईल. पालकांनी व शिक्षकांनी प्रवेशाच्या दिवसांत या अभ्यासक्रमांचा अवश्य विचार करावा.